‘हृदयास हितकर’ ऑलिव्ह तेल : विकत घेण्यापूर्वीची परीक्षा

“डॉक्टरसाहेब, ऑलिव्हचं तेल सुरू करू का जी?” हा प्रश्न दहा वर्षांपूर्वी कोंढ्यासारख्या गावातील चिकित्सालयात ऐकू आला असता तर आम्हांस नवल वाटले असते. आता नवल वाटत नाही. भंडारा आणि पवनी येथील मोठ्या दुकानांत त्या बाटल्या आल्या आहेत, नागपूरला नोकरी करणारी मुले त्या गावी आणतात, आणि औषधविक्रेत्या बंधूंकडे त्यांची पत्रके येऊ लागली आहेत. प्रश्न आमच्याकडेच येणार, कारण तेल हा विषय लोक अजूनही वैद्याचा समजतात. तेव्हा त्याचे उत्तर नीट विचार करून द्यावयास हवे. ते आम्ही एकदा नीट दिले नाही. त्याची हकिकत प्रथम सांगतो, म्हणजे हा लेख लिहिण्याचे कारण ध्यानी येईल.

चौरास भागातील एक साठीचे शेतकरी आमचे जुने रुग्ण. नागपूरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेथून परतल्यावर ते पथ्यापथ्य विचारावयास आले, तेव्हा आम्ही कागदावर इतर सूचनांबरोबर एक वाक्य लिहिले : ‘तेल कमी व चांगले वापरावे.’ चांगले म्हणजे कोणते, हे लिहिले नाही. गर्दी होती, आणि आम्हांस ते स्वयंस्पष्ट वाटले. काही महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा रक्तदाब १७०/१०० निघाला. चौकशी करता कळले की रोजच्या गोळ्या ते दिवसाआड घेत होते. कारण विचारले तर म्हणाले, “तुम्ही चांगल्या तेलाचं लिहून देलं ना जी. पोरानं ऑलिव्हचं आणलं. ते लय महाग आहे, मग गोळ्याचं थोडं पुरवून पुरवून घेतो.” आम्ही बाटली मागवून पाहिली. एक लिटर, छापील किंमत ९५० रुपये. पुढील बाजूस ऑलिव्हची हिरवी डहाळी आणि लाल हृदयाचे चित्र. मागील बाजूस बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘ऑलिव्ह पोमेस ऑइल’.

गोळ्या त्याच दिवशी नियमित सुरू करविल्या, त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पुन्हा धाडले, आणि रक्तदाब आटोक्यात आला. परंतु ‘पोमेस’ म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हांस तरी नीट कुठे ठाऊक होते? बाटलीवरील प्रत्येक शब्दाचा अर्थ नंतर बसून समजून घेतला. तो येथे मांडतो.

शास्त्रातील स्थान

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील स्नेहाध्यायात स्नेहाच्या दोन योनी सांगितल्या, स्थावर व जंगम. स्थावर स्नेहांच्या यादीत तीळ, प्रियाल, बिभीतक, एरंड, मधूक, सर्षप, कुसुंभ, अतसी, अक्षोड, करंज, शिग्रु इत्यादी नावे आहेत. त्यांत बल व स्नेहनासाठी तिळाचे आणि विरेचनासाठी एरंडाचे तेल श्रेष्ठ मानले आहे. अक्रोडासारख्या उत्तरेकडील थंड मुलखातील फळाची नोंद आचार्यांनी घेतली, पण ऑलिव्ह त्या यादीत नाही. युनानी वैद्यकात मात्र रोगन जैतून या नावाने त्याला जुने व मानाचे स्थान आहे. तेव्हा एखाद्या पत्रकात या तेलास एखादे संस्कृत नाव चिकटवून ते ‘शास्त्रोक्त’ असल्याचे लिहिलेले दिसले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

यादीत नसणे म्हणजे त्याज्य असणे नव्हे. अनुक्त द्रव्य रस, गुण, वीर्य, विपाक यांवरून आणि प्रत्यक्ष प्रयोगावरून जाणावे, ही आपली रीत आहे. ताजे व उत्तम प्रतीचे ऑलिव्ह तेल जिभेवर ठेवले असता आरंभी मधुर लागते, मागाहून तिक्त रस स्पष्ट होतो, आणि गिळताना घशाच्या मागच्या भागात मिरीसारखी झणझण होते, क्वचित ठसकाही लागतो. आपल्या रुग्णाने असे तेल प्रथमच चाखले तर तो ते ‘कडू झाले’ म्हणून परत आणील. वास्तविक ही कडवट-तिखट चवच त्या तेलाची खरी किंमत आहे. असे का, ते पुढे येईल.

एका फळाची चार तेले

आपल्या परिचयाची बहुतेक खाद्यतेले बियांतून निघतात. ऑलिव्हचे तेल मुख्यतः फळाच्या गरातून निघते. फळे दळून, तो लगदा घुसळून, केंद्रोत्सारी यंत्राने तेल व पाणी वेगळे करतात. ही क्रिया २७ अंश सेल्सिअसच्या आत झाली तर युरोपातील नियमांनुसार तिला ‘शीत’ म्हणता येते. रसायने नाहीत, शुद्धीकरण नाही. म्हणजे एका परीने हा फळाचा स्वरसच होय. यातील सर्वोत्तम प्रतीस ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणतात. माद्रिद येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकानुसार त्यात मुक्त मेदाम्ले शंभर ग्रॅमला ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक नसावीत, पेरॉक्साइड मूल्य २० च्या वर नसावे, आणि प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या मंडळास त्यात एकही दोष आढळू नये. चव हा कायदेशीर निकष असलेली खाद्यतेले जगात फार थोडी आहेत. रसपरीक्षेचे महत्त्व आपणांस कोणी शिकवावयास नको, म्हणून हा तपशील आम्हांस विशेष आवडला.

दुसरी प्रत ‘व्हर्जिन’. तीत मुक्त मेदाम्ले २ ग्रॅमपर्यंत चालतात. आपल्याकडे ती फारशी दिसत नाही.

तिसऱ्या प्रकाराच्या बाटलीवर ‘प्युअर’, ‘क्लासिक’, ‘लाइट’, ‘एक्स्ट्रा लाइट’ असे शब्द असतात. सदोष तेल शुद्ध करून, त्याचा रंग, वास व चव काढून, त्यात थोडे व्हर्जिन तेल मिसळतात. ‘लाइट’ हा शब्द रंग व चव यांपुरता आहे. आमच्या एका वैद्यमित्राने त्याचा अर्थ ‘लघु’ असा घेऊन एका मेदोरुग्णास ते सुचविले होते. प्रत्यक्षात कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमपासून ९ कॅलरीच मिळतात, ते ऑलिव्हचे असो की सरकीचे. येथे आणखी एक मेख आहे. शुद्ध केलेल्या ऑलिव्ह तेलात मुक्त मेदाम्ले ०.३ ग्रॅमपेक्षाही कमी असतात, कारण शुद्धीकरणात ती काढूनच टाकलेली असतात. तेव्हा ‘आम्लता केवळ ०.३’ अशी जाहिरात वाचून ते तेल उत्तम समजू नये. कमी आम्लतेला अर्थ आहे तो न शुद्ध केलेल्या तेलात.

चौथे तेल पोमेस. गर पिळून झाल्यावर जो चोथा उरतो त्याला पोमेस म्हणतात. आपल्या तेलघाणीतील ढेप समजा. त्या चोथ्यात अडकलेले शेवटचे तेल हेक्झेनसारख्या द्रावकाने ओढून काढतात, शुद्ध करतात, आणि त्यात थोडे व्हर्जिन तेल घालून विकतात. ते विषारी नाही, नियमबाह्यही नाही. तळणास चालते. परंतु ज्या घटकांसाठी ऑलिव्हचे नाव झाले ते घटक त्यात जवळपास उरत नाहीत. आमच्या रुग्णाने गोळ्या वाचवून घेतले ते हे तेल.

लाभ नक्की कशाचा?

ऑलिव्ह तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण साधारण ५५ ते ८३ टक्के असते. पत्रकांत भर असतो तो याच आकड्यावर. पण ओलिक आम्ल काही ऑलिव्हची मक्तेदारी नव्हे. शेंगदाणा तेलात ते निम्म्याच्या आसपास, तीळ तेलात व भाताच्या कोंड्याच्या तेलात सुमारे ४० टक्के असते. (आमचे गाव कोंढा आणि धानाचा तो कोंडा. बाहेरगावचे पाहुणे नेहमी गल्लत करतात.) एवढ्यासाठीच कोणी चौपट-पाचपट किंमत मोजत असेल तर तो व्यवहार तोट्याचा आहे.

वेगळेपण आहे ते फेनॉल वर्गातील द्रव्यांत, आणि ती फक्त न शुद्ध केलेल्या तेलातच राहतात. तिक्त रस व घशातील झणझण त्यांचीच. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गॅरी बोशँप व सहकाऱ्यांनी असे दाखविले की घशातील दाह निर्माण करणारे ओलिओकँथल हे द्रव्य आयबुप्रोफेनप्रमाणेच शोथकारक विकरांस अटकाव करते. अर्थात मात्रेचा विचार हवा. त्यांच्याच हिशेबाने ५० ग्रॅम तेलातून आयबुप्रोफेनच्या प्रौढ मात्रेच्या सुमारे एक दशांश एवढाच परिणाम मिळतो. युरोपीय संघाने २०१२ च्या नियमावलीत या तेलासाठी जो एक दावा मान्य केला तोही मोजका आहे. २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल व तत्सम द्रव्ये किमान ५ मिलिग्रॅम असतील, तरच ‘रक्तातील मेदांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होण्यास साहाय्य’ असे लिहिता येते, आणि तो लाभ रोज २० ग्रॅम घेतल्यास मिळतो हेही सांगावे लागते. ‘हृदयविकार टळतो’ असे लिहिण्याची मुभा नाही.

आता हृदयविकाराविषयीचा प्रत्यक्ष पुरावा. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ अभ्यासाचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक पत्रकात असतो, म्हणून तो वैद्याने नीट वाचलेला असावा. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या, ५५ ते ८० वर्षे वयाच्या ७,४४७ व्यक्तींचे तीन गट केले. दोन गटांस भूमध्यसागरी आहार दिला. त्यांपैकी एकास भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन तेल व दुसऱ्यास रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम व हेझलनट. तिसऱ्या गटास स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला. सुमारे पाच वर्षांत हृदयाघात, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू अशा घटना तेलाच्या गटात ३.८ टक्के, सुक्या फळांच्या गटात ३.४ टक्के आणि तुलनेच्या गटात ४.४ टक्के व्यक्तींत घडल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध काही ठिकाणी गटवाटप यथायोग्य न झाल्याचे उघड झाल्यावर मागे घेण्यात आला, आणि फेरहिशेब करून २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष मोठ्या प्रमाणात तोच राहिला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने कॉर्दोबा येथील १,००२ हृदयरुग्णांचा सात वर्षांचा अभ्यास छापला. त्यातही या तेलासह घेतलेला भूमध्यसागरी आहार कमी-स्निग्ध आहारापेक्षा सरस ठरला.

हे आकडे खोटे नाहीत, आणि ‘परदेशी आहे म्हणून वाईट’ असे म्हणून ते उडवून लावणे वैद्यास शोभणारे नाही. पण दोन गोष्टी सुटता कामा नयेत. एक, लाभ संपूर्ण आहाराचा होता. भाज्या, डाळी, मासे, फळे यांनी भरलेल्या ताटात ते तेल होते. दुसरी, ज्यांना तेलाऐवजी अक्रोड-बदाम दिले त्यांनाही तितकाच लाभ झाला. शिवाय कॉर्दोबाचे ते रुग्ण हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होते. तेल औषधाच्या जागी दिलेले नव्हते.

बाटली हाती घेतल्यावर

प्रथम मागील बाजू वाचावी. पुढील बाजू विक्रीसाठी असते. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हे शब्द मागील बाजूसही तसेच आहेत काय, की तेथे ‘रिफाइंड व व्हर्जिन यांचे मिश्रण’ किंवा ‘पोमेस’ लिहिले आहे, हे पाहावे. आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा देश व भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. ‘पॅक्ड इन’ एक देश आणि तेल अनेक देशांचे, असेही असते. तो दोष नव्हे, पण एकाच बागायतीचे तेल म्हणून जादा किंमत मागितली जात असेल तर ध्यानात ठेवावे.

मग वय पाहावे. द्राक्षाच्या मद्याप्रमाणे हे तेल जुने होऊन सुधारत नाही. तोडीच्या हंगामानंतर प्रतिदिनी त्यातील फेनॉल घटत जातात. भूमध्यसागरी प्रदेशात फळांची तोड मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होते. चांगले उत्पादक तोडीचे वर्ष छापतात. केवळ ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ एवढेच असेल तर ती तारीख बाटलीत भरल्यापासून मोजलेली असते, तोडीपासून नव्हे. भरण्यापूर्वी तेल टाकीत किती काळ होते हे त्यावरून कळत नाही. काच गडद असावी. आणि येथे आपल्या विदर्भाची स्वतंत्र अडचण आहे. नवतपात पारा ४५ च्या वर असताना जी बाटली दुकानाच्या दर्शनी काचेच्या कपाटात उभी राहिली, तिच्यावर कोणतेही वर्ष छापले असो, ती घेऊ नये. औषधविक्रेत्या बंधूंनी तेल ठेवायचेच तर थंड व अंधाऱ्या खणात ठेवावे.

रंगावरून प्रत ठरत नाही. अधिकृत चाखणारे निळ्या काचेच्या प्याल्यातून चाखतात ते रंगाचा प्रभाव पडू नये म्हणूनच. शीतकपाटात ठेवल्यावर गोठले तर अस्सल, हीही एक समजूत आहे. ती निरुपयोगी आहे. गोठणे तेलातील मेदाम्ले व मेण यांवर अवलंबून असते, आणि भेसळीचे तेलही गोठू शकते. आम्ही करतो ती परीक्षा साधी आहे. लहान वाटीत चमचाभर तेल घेऊन वाटी तळहाताने झाकून ऊब द्यावी, मग हुंगावे. हिरव्या गवताचा, कच्च्या फळाचा वास यावा. जुन्या शेंगदाण्याचा, मेणबत्तीचा किंवा ओल्या पोत्याचा वास आला तर तेल खवट वा सदोष आहे. मग घोट घेऊन गिळावे. कडूपणा नाही, घशात झणझण नाही, नुसते तुपकट लागते, अशा तेलास ‘हाय पॉलीफेनॉल’ म्हणून वाढीव मोल देण्याचे कारण नाही.

जीभ सर्व भेसळ पकडते असे मात्र नव्हे. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑलिव्ह केंद्राने अमेरिकेतील दुकानांतून आयात तेलांचे नमुने घेतले, तेव्हा ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणविणाऱ्या त्या नमुन्यांपैकी ६९ टक्के चवीच्या मानकास उतरले नाहीत. १९८१ मध्ये स्पेनमध्ये त्याहून भयंकर घडले. उद्योगांसाठी अ‍ॅनिलीन मिसळून विकृत केलेले मोहरीवर्गीय तेल फेरीवाल्यांनी खाद्य ऑलिव्ह तेल म्हणून विकले. सुमारे वीस हजार लोक आजारी पडले आणि तीनशेहून अधिक मृत्यू पावले. आपल्याकडे दिल्लीत १९९८ मध्ये पिवळ्या धोत्र्याच्या भेसळीच्या मोहरी तेलाने काय झाले ते ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. तेव्हा सुटे, बिलाशिवायचे, ‘ओळखीतून आणलेले’ ऑलिव्ह तेल कितीही स्वस्त असले तरी नको.

कोंढ्याच्या ताटात

आमच्या औषधविक्रेत्या मित्राकडे आलेल्या पत्रकात ‘हाय पॉलीफेनॉल’ तेलाची अर्धा लिटरची बाटली १,४५० रुपयांची होती. आता हिशेब करा. रोज २० ग्रॅम म्हणजे महिन्यास ६०० ग्रॅम, मापाने सुमारे ६५५ मिलि. एका माणसाचा महिन्याचा खर्च १,९०० रुपये. नवरा-बायको दोघे घेतील तर ३,८००. धानाच्या दोन-तीन एकर बांधीवर जगणाऱ्या घराने ही रक्कम कोठून काढावी? ती कोठून निघते ते आम्ही पाहिले आहे. ती गोळ्यांतून निघते, दुधातून निघते, नातवाच्या फळांतून निघते.

आणि ते तेल कशाच्या जागी येणार, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. त्या रुग्णाच्या घरी आम्ही विचारले. माणसे पाच, महिन्यास तेलाच्या पिशव्या सहा. म्हणजे माणशी रोज ४० मिलि. ऑलिव्ह तेल आले ते याखेरीज, ‘औषध’ म्हणून सकाळी दोन चमचे. स्नेहाची एकूण मात्रा वाढली, अग्नीचा विचार झाला नाही, वजनही दीड किलो वाढले होते. पिशव्या सहावरून चारवर आणविल्या तर माणशी २७ मिलि होते, आणि पैसे वाचतात. हा बदल कोणत्याही बाटलीहून अधिक उपयोगी ठरेल असे आमचे मत आहे.

मग येथील जुनी तेले? या भागात धानाच्या उभ्या पिकात उतेरा म्हणून जवस फेकण्याची पद्धत जुनी आहे, आणि जवसाच्या सुधारित वाणांवर नागपूरच्या कृषी महाविद्यालयात वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ल असते. ऑलिव्ह तेलात ते एक टक्क्याच्याही आत. म्हणून कित्येक वैद्यबंधू ‘ऑलिव्ह सोडा, जवस घ्या’ असे सांगून मोकळे होतात. आम्हीही पूर्वी सांगत असू. परंतु आचार्यांनी अतसी तेल वातास हितकर सांगतानाच ते उष्णवीर्य व रक्तपित्तप्रकोपक सांगितले आहे, आणि वाग्भटांनी अतसी व कुसुंभ तेल त्वग्दोषकर म्हटले आहे. आधुनिक दृष्टीनेही हे तेल हवेने फार लवकर बिघडते. त्याचे आयोडीन मूल्य १७० च्या वर, ऑलिव्हचे ७५ ते ९४. जे तेल रंगात मिसळून लाकडावर वाळवतात ते कढईत वारंवार तापवणे योग्य नव्हे. म्हणून पित्तप्रकृतीच्या वा त्वग्विकाराच्या रुग्णास आम्ही जवस तेल देत नाही. इतरांस भाजलेल्या जवसाची ताजी चटणी रोज एक-दोन चमचे सांगतो, आणि फोडणीस घाणीचे तीळ वा शेंगदाणा तेल. मोहाच्या टोळीचे तेल सुश्रुताचार्यांनी मधुर-कषाय व कफपित्तशामक सांगितले असले तरी त्यात संपृक्त मेदाम्ले बरीच असल्याने हृदयरुग्णास ते आम्ही अभ्यंगापुरतेच ठेवतो.

ऑलिव्ह तेल कोणास घेऊ द्यावे? ज्याची औषधे नियमित आहेत, ज्याच्या खिशास ते जड नाही, जो कोशिंबिरीवर किंवा उकडलेल्या भाजीवर वरून घालून खाईल आणि तेवढे दुसरे तेल कमी करील, त्यास एक्स्ट्रा व्हर्जिन, ताजे, लहान बाटलीत जरूर घेऊ द्यावे. बाटली उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी. ते तापवले की विष होते, असे मात्र सांगू नये. मंद आचेवरील फोडणी त्यास सोसते. फक्त तापविल्याने फेनॉल घटतात, आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच जाते. तळणासाठी महाग ऑलिव्ह तेल वापरणे हा निव्वळ अपव्यय.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

ऑलिव्ह तेलात सिद्ध केलेली ‘प्रीमियम’ अभ्यंग तेले हल्ली निघू लागली आहेत. स्नेहपाकात कल्क एक भाग, स्नेह चार भाग व द्रव सोळा भाग. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल चौपट द्रवाबरोबर तासन् तास उकळल्यावर त्यातील फेनॉल काही पाण्यात उतरतात, काही उष्णतेने नष्ट होतात. निर्माता महाग तेल घेतो आणि ग्राहकाच्या हाती साधे तेल पडते. शिवाय ज्या पाठात तिलतैल सांगितले आहे तेथे आधारद्रव्य बदलल्यावर त्यास ग्रंथोक्त नावाने विकता येणार नाही. ते अनुभूत, म्हणजे पेटंट औषध ठरेल, आणि परवाना त्याप्रमाणे घ्यावा लागेल.

नवजात बालकाच्या मालिशीसाठी ऑलिव्ह तेल मागणाऱ्या मातांची संख्या वाढते आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले असता त्वचेच्या बाह्यस्तराची अखंडता घटली. सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. अभ्यास लहान होता व प्रौढांवरील होता, तरी रुक्ष वा विचर्चिकाप्रवण त्वचेच्या बाळास हे तेल आम्ही सुचवीत नाही. तिलतैल आपल्या हाताशी आहे.

दुकानात बाटली ठेवायची तर ती खाद्यपदार्थ म्हणून, अन्न परवान्यासह ठेवावी. कपाटाच्या काचेवर ‘रक्तदाब व हृदयरोगावर गुणकारी’ अशी चिठ्ठी डकविणे हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याखाली अंगाशी येणारा प्रकार आहे, मग ती चिठ्ठी कंपनीच्या प्रतिनिधीने आणून दिलेली का असेना.

आमच्या मित्राने शेवटी त्या पत्रकावर बारा बाटल्यांची नोंदणी करण्याऐवजी दोनच मागविल्या. त्या एका निवृत्त शिक्षकांसाठी होत्या. ते दर महिन्यास औषधाचे बिल चुकते करून मगच बाटली नेतात, आणि प्रत्येक नव्या बाटलीतील चमचाभर तेल आम्हांस चाखावयास आणतात. दुसरी बाटली पहिलीपेक्षा स्पष्टपणे कमी कडू होती. मागे पाहिले तर तोडीचे वर्ष एकाने जुने निघाले.

वाचकांपैकी ज्या वैद्यबंधू-भगिनींनी हे तेल आभ्यंतर वापरले असेल त्यांनी रुग्णाची प्रकृती, मात्रा, काल, ते कोणत्या तेलाच्या जागी दिले, आणि बाटलीच्या मागील बाजूवरील प्रत व तोडीचे वर्ष, एवढी नोंद करून संपादकांकडे धाडावी. प्रत लिहिलेली नसेल तर ती नोंद आमच्या उपयोगाची नाही.